सलाईनचा स्टँड

ऐरोली, सेक्टर आठ, चौथा मजला.
सासूबाई गेल्यावर स्टँड परत न्यायला
भाड्याने देणारा माणूस आलाच नाही.
दोनदा फोन केला, मग मीही सोडून दिलं.
खाली चाकं, वर दोन आकडे.
एका आकड्याला मोत्याची वेल टांगली,
दुसऱ्याला गाढवाची शेपटी.
नर्सरीतल्या पोऱ्याने हेच नाव सांगितलं,
लाजत.

ऊन सरकेल तसा स्टँड सरकवायचा.
सकाळी ग्रिलपाशी, दुपारी पडद्याआड,
जुलैत हॉलमध्ये, पंख्याखाली.
खाडीकडची ओल
आधी मिठाला धरते, मग यांना.

माती जवळजवळ नाहीच. विटेचा चुरा,
कोळसा, मूठभर कोकोपीट.
पाणी पंधरा दिवसांनी.
वॉर्डात मी मिनिटाला पडणारे थेंब मोजते,
घरी, न दिलेले दिवस.

पण आप्पा.
आप्पा सकाळी तांब्या घेऊन येतात,
"तहानलीय गं पोर."
दहाला पुन्हा येतात, तेच म्हणतात.
चहानंतर पुन्हा.
घातलेलं पाणी त्यांच्यात राहत नाही,
कुंडीत राहतं.
पहिली वेल अशीच गेली :
मोती आधी काचेसारखे, मग देठाशी काळे,
मग बोटाला चिकट.
रागावले नाही म्हणणं खोटं होईल.
तांब्या माळ्यावर टाकला.
त्यांनी पेला आणला.

कस्तुरी, माझी नववीतली, म्हणाली,
त्यांना दुसरं काम दे ना.

आता रोज उठून ते मोती दाबून बघतात,
चिमटीत धरून, बाजारात शेंगा बघाव्यात तसे.
"मटार भरलेत," सांगतात. म्हणजे पाणी नको.
सुरकुतले की हाक मारतात.
मोजतातही. काल एकशे बारा, आज चाळीस.
दोन्ही मी कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाली.

शेपटीला मात्र हात लावू देत नाही कुणाला,
नुसता पदर घासला तरी पानं टपटप.
ती आप्पा वेचतात.
वेचून कुठे ठेवतात, विचारलं नव्हतं.
परवा सदरा धुवायला घेतला,
तर खिशात सात पानं, विसरलेली.
त्यातल्या चारांना, तिथल्या अंधारात,
गुलाबी मुळं.
दोऱ्याच्या टोकाएवढी.

सदरा तसाच खुंटीला लावला परत.
बादलीतलं पाणी
जिन्यावर ओतलं.