एका माणसाचं तिकीट

पत्रात लिहिलं होतं: एका माणसाचं तिकीट,
एका माणसाची खोली, न्याहारी धरून.
दुसऱ्या माणसाबद्दल पत्र गप्प होतं.
सभ्यपणानं गप्प होतं की बेफिकिरीनं,
यावर आम्ही वाल्पाराइसोत तीन रात्री वाद घातला,
आणि माझं तिकीट मी सहा हप्त्यांत घेतलं.

विमानात जागाही लांब लांब.
ग्रासिएला सातव्या रांगेत, हिमनदीचे आकडे पुटपुटत,
मी सव्विसाव्या, कोटाच्या खिशात नादकाटा.
आमच्या बोटांत अंगठ्या नाहीत,
त्यामुळे काढाव्या की ठेवाव्या
हा एक प्रश्न तरी वाचला.

पुन्ता अरेनासला वारा असा
की रस्त्याच्या कडेला दोर बांधून ठेवतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.

सकाळी नऊला तिला न्यायला गाडी.
मी खाली गेलो तर त्यांना वाटेल, बाई ओझं घेऊन आली.
नाही गेलो तर वाटेल, बाई लपवते.
तेव्हा जिन्याच्या वळणावर उभा राहिलो,
दोन्ही चुका निम्म्या निम्म्या करत.

ती आत सांगत होती बर्फ किती मीटर मागे सरकलं.
मी बाहेर गाव पाहून घेत होतो,
स्थळ पाहायला गेलेला मामा पाहतो तसा,
भिंतींपेक्षा ओलीकडे लक्ष ठेवून.
पियानो मोजले.
संगीतशाळेत पाच, शाळांमध्ये चार, चर्चांत तीन,
नाविकांच्या क्लबात एक, झाकणावर कपबशा मांडलेला,
हॉटेलात एक, किल्ली हरवलेला.
चौदा.
वर्षातून दोनदा सूर लावायचा, म्हणजे अठ्ठावीस दिवस.
उरलेले तीनशे सदतीस दिवस
मी ग्रासिएलाचा कोण म्हणून ओळखला जाणार,
आणि ते तरी कुठे कागदावर आहे?

निघताना प्राध्यापक मार्तिनिच तिला म्हणाले,
‘रात्री जेवायला या. बरोबर कुणी असेल तर...’
आणि वाक्य तिथंच सोडलं.
विचारायचं नाही, असा नियम आहे त्यांच्याकडे.
सांगायचं की नाही, याला नियम नाही.
ती म्हणाली, ‘आहे. पियानो मोजतोय.’

जेवणाला कोकराचं मटण होतं.
दुसरा ग्लास घ्यायचा नाही. घरभाडं विचारायचं नाही.
‘आम्ही’ हा शब्द होकार येईपर्यंत ताटाखाली ठेवायचा.
मी तीनदा उचलला, तीनदा परत सरकवला.
चौथ्यांदा ग्रासिएलाच्याच तोंडून निसटला,
‘आम्हाला थंडी चालते,’
आणि समितीचे तिघे एकदम पावाकडे वळले.

शेजारी मार्तिनिचांच्या बायको, नेल्दा.
कॉन्सेप्सियोनला कोर्टात लघुलेखिका होत्या,
एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत.
मीठ पुढे करत हळूच म्हणाल्या,
‘पहिल्या वर्षी मी तो दोर धरून कुठं जात नव्हते.
नुसती धरून उभी राहायचे.’
आणि तेवढ्याच आवाजात, ‘बटाटे घ्या.’

मग कोपऱ्यातली विणलेली चादर उचलून
त्यांनी एक पट्टी दाबली.
उतरलेला सूर. चांगलाच.
पाहुण्यानं यजमानाचं घर दुरुस्त करू नये,
त्यातून मी असा पाहुणा, ज्याला कुणी बोलावलंच नव्हतं.
खिशात नादकाट्यावर हात गेला,
तिथंच थांबवला.
त्यांनी तीच पट्टी पुन्हा दाबली, माझ्याकडे बघत.

परतताना आम्ही एकाच दोराला चार हातांनी धरलं होतं.
‘कसं झालं?’ मी ओरडलो.
‘तुझं?’ ती ओरडली.
‘पंधरा!’
वाऱ्यात तिला पन्नास ऐकू आलं.
थांबली, दोर सोडून माझ्याकडे बघत राहिली,
केस सगळे तोंडावर.
आयुष्यभर सूर दुरुस्त करत आलेला माणूस मी,
हॉटेलच्या दारापर्यंत ते तसंच राहू दिलं.