खाच

हिंगोलीच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात,
दुसऱ्या खणात ती आहे.
चिठ्ठीवर: शेवंड, मादी, थंड समुद्र.
साल पुसून गेलंय.

दर दिवाळीच्या सुट्टीत सटवाजी लिंबुरे
नाकाला उपरणं बांधून फॉर्मॅलिन बदलतात.
भाऊ सिद्धेश्वर धरणावर जाळं टाकतो,
मरळ, झिंगे, कधी खेकडे.
समुद्र घरात कुणीच पाहिलेला नाही.

मॅडम सांगत होत्या: हिचं रक्त निळसर.
वाढायचं तर अंगावरचं घर फोडायचं,
मऊ अंगानं दगडाआड दडायचं,
टाकलेली कात स्वतःच खायची.
अंडी शेपटीखाली, नऊ-दहा महिने.
तिकडचे कोळी अशी मादी पिंजऱ्यात आली
की शेपटीच्या पात्याला खाच पाडून सोडतात.
पुढच्याला खाच दिसली की तोही सोडतो.

सटवाजी बादली घेऊन दारात उभे.
पोरं गेल्यावर बरणी उजेडाकडे फिरवली,
चष्मा कपाळावर सारला.

उजव्या पात्यात
नखाएवढी खाच.

"अगं, तू तर सोडलेली होतीस."

रविवारी भावाच्या बुट्टीत एक खेकडी निघाली,
पोटाखालच्या पदरात
ज्वारीच्या कण्यांएवढी पिलं, हलणारी.
सटवाजींनी ती काठाच्या पाण्यात ठेवली.
तिरकी तिरकी गेली, दगडाखाली.

"काहून, दादा? चांगली भरीव होती."

ते नुसते हात धूत राहिले.
बोटांचा फॉर्मॅलिनचा वास
धरणाच्या पाण्यानंही जाईना.