ना हरकत

रबाळ्याच्या बंद शेडमध्ये शूटिंग चाललेलं,
तिथून एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र, हातात दोन पानं.
काका, इथं सही. ना हरकत.
दामू खरातांच्या सिनेमात
तुम्ही दुसऱ्या राउंडला पडता.

म्हटलं, मी पडलो नव्हतो.
तिन्ही राउंड उभा होतो. पॉइंटवर हरलो, तेही दोनानं.
तो म्हणाला, हो काका,
पण मध्यंतर तिथंच येतं.

सही केली.
पाच हजार, आणि वाशीच्या मॉलचे दोन पास.

थिएटरात एवढा गारठा की हिनं पदर कानांवरून घेतला.
माझं काम करणारा गोरा, दंड तासल्यासारखे.
घणसोलीत तेव्हा असे दंड नव्हते.
सुकट होती, भात होता,
आणि कंपनीबाहेरच्या ड्रमाला गोणपाट बांधून
अंधारात मारलेल्या मुठी.
सिनेमात मी नुसता मढवी. पहिलं नाव नाही.

पडला. सावकाश, घाम उडवत,
तोंडातलं रबर हवेत तीनदा फिरलं.
पुढच्या रांगेतून शिट्या.
ही हळूच म्हणाली, लागलं होतं का हो तुम्हाला?
चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

त्या दोन पानांवर नव्हतं ते असं:
वागळे इस्टेट, कामगारांचा हॉल, तिसरा राउंड,
घंटेला मिनिटभर कमी.
दामू माझ्या गळ्यात पडला. क्लिंच म्हणतात त्याला,
लांबून मिठीच वाटते.
भुवई फुटून डाव्या डोळ्यात रक्त उतरलेलं.
कानाशी म्हणाला, गोरख,
या बाजूचं काय दिसत नाय रं. कुठंय तू?

हा काय, इथंच, मी म्हटलं,
आणि उरलेला मिनिट
त्याच्या उजवीकडेच राहिलो.
कोपऱ्यातून वस्ताद ओरडत होते, डावीकडनं घे, डावीकडनं.
त्यांना मी नंतर सांगितलं, ऐकू आलं नाही.

दामू पुढे कुठल्या कुठे गेला.
भेटला नाही. मीही गेलो नाही.
गेल्या वर्षी पेपरात फोटो आला, हार घातलेला.

दिवे लागले. पाट्या वर सरकत होत्या,
जेवणवाल्यांची नावं, एका कुत्र्याचंही.
ही वाचत बसली, झाडूवाला आला तोवर.

सरकत्या जिन्यापाशी हिचा पाय उचलेना.
मी एक पायरी खाली उतरून हात दिला
आणि तोल जाऊ नये म्हणून तसाच, उलटा, उभा राहिलो.
मागून कुणीतरी म्हणालं, काका, सरका ना जरा.

सरकलो नाही.