काटा कुठं आहे

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, मंगळवारी सहाला,
हीटरजवळची खुर्ची विल्फ स्टॅनिफोर्थची.
वय एकोणसत्तर. बत्तीस वर्षं गोदीवर मासे कापले.
बोटांना अजून हॅडॉकचा वास येतो, असं तोच सांगतो,
मला कधी आला नाही.

मी म्हणाले, हनुवटीखाली हात धरा
आणि शब्द बोला. जबडा जितक्यांदा खाली येईल
तितके तुकडे.
त्यानं धरला.
रि. फ्रिज. अ. रे. शन.
पाच.
"या पाटीखालून रोज आत गेलो," तो म्हणाला,
"मला वाटायचं, मालकाचं आडनाव असेल."
आम्ही हसलो. मग तो थांबला, मग मीही.

स्वराशिवाय तुकडा जगत नाही, मी सांगत होते,
उपसर्ग डोक्याकडून सोडवा, प्रत्यय शेपटीकडून,
आणि तो मान हलवत होता, जणू मी
त्याचंच काम त्याला शिकवत होते.
"सुरी दाबायची नसते, बाई.
काटा कुठं आहे ते तीच सांगते.
दाबलीत की मांस फाटतं."
त्यानंतर मी नियम कमी सांगितले.

मार्चमध्ये त्यानं एक पाकीट आणलं.
इस्पितळाचं पत्र, चार वर्षांपूर्वीचं,
घडीवर विरत आलेलं.
घरी पत्रं ऑड्रीच वाचायची. हेही तिनंच वाचलं होतं,
मोठ्यानं, किटली हातात घेऊन:
काही विशेष नाही रे, उन्हाळ्यात पुन्हा बोलावलंय.
उन्हाळा यायच्या आधी ती गेली.

दुसऱ्या ओळीतल्या लांब शब्दावर त्यानं नख टेकवलं.
मला तो उलटा बसूनही वाचता येत होता.
मी बोलले नाही.
हात हनुवटीखाली गेला.
इ. रि. व्हर्. सि. बल.

मग पेन्सिलनं, हलक्या हातानं, सांधे शोधत:
पुढचा इर्, म्हणजे नाही.
रि, मागे.
व्हर्स, वळणं.
शेपटीचा इबल: जमेल असं.
नाही, मागे, वळणं, जमेल असं.
ओठांतल्या ओठांत त्यानं ते इकडचं तिकडं करून पाहिलं.
कसंही लावलं तरी
तिथंच येत होतं.

बराच वेळ हीटर टकटकत राहिला.
"तिला हा शब्द वाचता येत होता," तो म्हणाला.
"सलग. एका दमात. न तोडता.
आणि तोंडानं दुसरंच.
चहाचा एक थेंबसुद्धा बशीत सांडला नव्हता हो."