इतिवृत्त

रविवार. राशोलची ग्रामसभा.
बोस्त्यांव तारवटी उठला, खिशातून काढली
बाल्टिमोरच्या धक्क्यावर फुकट मिळालेली
तळहाताएवढी घटना.
"पहिल्या ओळीत राजा नाही," म्हणाला,
"देवसुद्धा नाही. 'आम्ही' आहे."

कुणीतरी हसलं, अमेरिकेचं इथं काय?
"आपलीही तशीच सुरू होते, बाबा."
आणि त्यानं टेकडीचा सर्व्हे नंबर विचारला.

माईक बंद पडला.
पंखे मात्र फिरत होते.

मला वडिलांची लग्नपत्रिका आठवली:
मुहूर्ताखाली पोर्तुगीज सेन्सॉरचा शिक्का,
जांभळा, अजून न उडालेला.

मी सचिव. वहीत लिहिलं:
प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही.

सरपंच म्हणाले, दुसरं वाक्य खोडा.

वही त्यांच्याकडे सरकवली,
पेनही दिलं.
म्हटलं, खोडा,
पण बाजूला सही करा.