भोकांची पट्टी

नान्नजच्या माळावर सकाळी साडेसहाला
बिभीषण शेजाळ म्हणाला, "माझ्या मागनं या.
मी थांबलो की थांबा. बोलू नका.
आन् काय बी झालं तरी पळू नका."

मला हसू आलं. हीच वाक्यं, याच क्रमानं,
ऑगस्टात लुआंग्वा नदीच्या काठी ऐकली होती,
इंग्रजीत, लॅक्सन फिरीच्या तोंडून.
(मी मुलाला म्हटलं होतं,
ह्याच्या आडनावातच फिरणं, हा दमवणार.)

मुलगा लुसाकात हिशेबनीस. त्यानं तिकीट काढलं,
म्हणून अशोक चौकातला एक पट्टी-कापणारा
गुडघ्याला तेल चोळून आफ्रिकेत चालून आला.
तिथं फिरीच्या पुढं बंदूकवाला असायचा.
इथं बिभीषणच्या हातात बोरीची काठी,
खांद्याला पाण्याची बाटली,
बाटलीला बायकोनं शिवलेलं गोणपाट.

चाळीस वर्षं मी जकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं पाडली.
एक भोक म्हणजे एक धागा वर.
पट्ट्या ओवल्या, मागावर चढवल्या
की चादरीवर मोर येतो.
पट्टीवर मोर नसतो. बघणाऱ्याला वाटतं वाळवी लागली.
मला मात्र कळायचं
पिसारा कितव्या पट्टीला उघडणार.

म्हणून फिरी वाळूत उकिडवा बसला,
बोटानं हत्तिणीच्या पावलातल्या भेगा मोजू लागला,
म्हणाला, म्हातारी आहे, टाच झिजलीय,
रात्रीच गेली, बघा, किड्याची रेघ पावलावरून गेलीय,
तेव्हा बाकीचे पाहुणे माना वर करून
हत्ती शोधत होते.
मी एकटा खाली बघत होतो.

इथं कुसळं पायमोज्यात घुसतात.
शाळवाच्या ताटांवर दव, पलीकडं पंपाचा आवाज.
एका जागी काळविटाच्या लेंड्यांचा ढीग.
"ही त्याची हद्द. रोज हितंच येतो.
तुमच्या पेठंत दुकानाला पाटी असती, तशी."
पुढं लांडग्याची विष्ठा, केसांनी पांढुरकी.
बिभीषण काठीनं फोडतो.
"सशाचं हाय. थांबा... न्हाई, शेळीचं.
कुणाची ते नका इचारू. माझीच असंल."

मग एका उंचवट्याशी तो थांबला. मी थांबलो.
"हितं नर उभा ऱ्हायचा, माळढोक.
गळ्याची पिशवी फुगवून हुंकारायचा.
बापानं मला खांद्यावर बसवून दावलाय."
शेवटचा कधी?
त्यानं साल सांगितलं नाही.
"थोरलीच्या लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात."
थोरलीचा मुलगा आता शाळेत जातो.

खिशातून वही काढली. तारीख, वार, वारा.
काळवीट अकरा. लांडगा, फक्त खूण. खोकड एक.
शेवटच्या रकान्यात गोल, नीट जुळवलेलं शून्य.
मागचं पान, त्याच्या मागचं पान,
वरून खाली शून्यं.
मी सवयीनं वाचायला गेलो:
धागा वर, धागा वर, धागा वर.
सगळेच वर असले तर वीण बसत नाही,
बाणा नुसता खालून निघून जातो.
हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, अक्षर चांगलंय तुमचं.

उन्हं वर आली. टिटवी आमच्यावर ओरडत राहिली.
परतताना विचारलं,
पळू नका का म्हणालात? तिथं सिंह होते.
इथं कशाला भिऊन पळायचं?

तो काठी टेकून वळला.
"मानूस पळाला की गवतातलं समदंच पळतंय, सायेब.
मग मी लिवू काय?"

आणि पुन्हा पुढं चालू लागला,
हळू, प्रत्येक पाऊल
आधी मोकळी माती बघून टाकत.