लाल म्हणजे थांब

ओताकारने उभी हयात चेस्का त्रेबोवाच्या
दक्षिण केबिनमध्ये काढली.
एकोणतीस खटके, प्रत्येकाचं वजन वेगळं.
सतरा नंबरचा तर हिवाळ्यात
दोन्ही पाय रोवून ओढावा लागे.
घरी आला की तळव्यांना वंगणाचा वास;
त्या वासाशीच लग्न केलं होतं म्हणा ना मी.

निवृत्त झाल्यावर तळघरात त्याने
तेच स्टेशन पुन्हा मांडलं, एकशेवीस पट लहान.
पाण्याची टाकी, मालधक्का,
वाघिणींत कोळसा म्हणून माझी खसखस,
आणि फलाटावर नखाएवढी बाई.
"ही तू," म्हणाला.
मी म्हटलं, "इतकी वर्षं उभीच का?"

नाताळात शेजारच्या मिलाडाचा क्रिश्तोफ आला.
वेग फिरवायची जुनी काळी पेटी त्याने फडताळात टाकली,
माझा मोबाईल मागून घेतला
आणि काचेवर अख्खं स्टेशन उघडलं.
"आजोबा, नुसतं बोट सरकवा."

बोट सरकलं. काचेला कळलं नाही.
लोखंडाने घट्टे पाडलेली ती कोरडी बोटं,
काच त्याला माणूसच मानेना.
शेवटी नोटा मोजणाऱ्या कारकुनासारखं
जिभेवर बोट ओलं करून
त्याने पहिली गाडी सोडली.

शिकला. कुरकुरत का होईना, शिकला.
"वजनच नाही ह्याला. सांधा बसला की नाही
हाताला कळणार कसं?"
माझ्या मोबाईलमध्ये तेव्हापासून
डॉक्टरांच्या वेळा, केकची कृती
आणि सात इंजिनं एकत्र नांदतात.

फेब्रुवारीतला रविवार होता.
जलद गाडी बोगद्यातून बाहेर पडलेली,
तीन नंबरवर मालगाडी उभी,
मी पायरीवर बटाटे सोलत बसलेले,
आणि काचेवरचं स्टेशन एकदम नाहीसं झालं.
तिथे ब्लांकाचा चेहरा.
आमची मुलगी, हॅलिफॅक्सची.
ऑगस्टपासून तिचा आवाज नव्हता;
चूक कुणाची, ह्याचा हिशेब
तिघांनी तीन वह्यांत मांडून ठेवलेला.

चेहऱ्याखाली दोन गोल.
एक हिरवा, एक लाल.
गाडी येतेय.
एकोणचाळीस वर्षं जो हात
डोक्याला न विचारता चालला,
तो चालला.

लाल.

ब्लांका गेली.
गाडी थांबली नाही.

चार वाघिणी आडव्या. खसखस फरशीभर.
ओलं बोट हवेत तसंच धरून तो म्हणाला,
"नोकरीत एकदाही नाही. एकदाही."
अपघाताबद्दल बोलतोय की लेकीबद्दल,
मी विचारलं नाही.
मोबाईलही त्याच्या हातून घेतला नाही.
घ्यावासा वाटला होता, खोटं कशाला सांगू.

त्याने बोट जिभेला लावलं.
काचेने ओळखलं नाही.
पुन्हा लावलं.
घंटी वाजत राहिली, तिकडे दुपार असणार,
कुणी जेवत असेल, कुणी रागात असेल.

"बाबा, तुम्ही फोन कापलात."
"मी गाडी थांबवत होतो."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"पाच पस्तीसची?" तिने विचारलं.

तिलाच माहीत असणार.
केबिनच्या बावीस पायऱ्या चढून
त्याचा डबा पोचवायला तीच जायची,
आणि पाच पस्तीसची गेल्याशिवाय
घरी यायची नाही.

तो बोलत बोलत वर निघून गेला,
स्वयंपाकघरात, खिडकीशी, जिथे आवाज नीट येतो.
खाली मी, सात इंजिनं,
आणि चालवायला काहीच नाही.
जलद गाडीची चाकं एका जागी फिरत होती,
तिची वायर काढून टाकली.

फलाटावरची बाई धक्क्याने पडलेली.
तिला उचललं नाही.
पडू दे जरा,
पाय दुखत असतील.